शाळेपर्यंतची सायकल

"बाई, समुद्र इथून किती दूर हाय?"

मागच्या हिवाळ्यात आमच्या बैठकीत बारावीतल्या एका मुलीने हा प्रश्न विचारला आणि आम्ही दहा-बारा जणी एकमेकींकडे बघतच राहिलो. आमचं गाव शेलूबाजार, तालुका मंगरूळपीर, जिल्हा वाशीम. इथून समुद्र कुठल्याही बाजूने जवळ नाही. बैठकीतल्या निम्म्या बायांनी तो पाहिलेलाही नव्हता. विषय चालला होता मुलींना मिळणाऱ्या सायकलींचा. कुणाला मिळाली, कुणाची राहिली, कुणाच्या सायकलीची चेन पहिल्याच महिन्यात उतरायला लागली, असं बोलणं चाललेलं. मी सहज विचारलं, "समजा, सायकल घेऊन कुठेही जायची मोकळीक मिळाली, तर कुठे जाल?" कुणी म्हणाली मामाच्या गावाला, कुणी कारंजाला, कुणी पोहरादेवीला. आणि ही म्हणाली, समुद्रापर्यंत.

सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची लाज वाटली.

रात्री नकाशा काढून बसले. मुंबईचा समुद्र आमच्यापासून पाचशे किलोमीटरहून जास्त लांब. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर सायकल चालवली तर नऊ-दहा दिवसांची वाट. धडधाकट माणसाला, बऱ्या सायकलीवर, पोटभर जेवून आणि रात्री नीट झोपून हे जमण्यासारखं आहे. मग आम्ही हसलो कशाला? अंतराला तर नक्कीच नाही. एक मुलगी, काही काम नसताना, नुसता समुद्र बघायला दहा रात्री घराबाहेर काढील, या कल्पनेला हसलो. मैत्रिणींनो, वर्षानुवर्षं चळवळीत काम करणाऱ्या आम्ही बाया! आमच्याही मनात मुलीच्या सायकलीला एक दोरी बांधलेलीच आहे आणि तिची लांबी आपण कधी मोजलेली नाही.

मी स्वतः सायकल शिकले ती वडिलांच्या मोठ्या सायकलवर, दांडीखालून पाय घालून, अर्धं पायडल मारत. पडले, गुडघे फुटले, पण शिकले. आजी म्हणायची, "पोरीच्या जातीले सायकल कायले पाह्यजे?" वडील हसून सोडून देत. दोन वर्षं मी दळण आणलं, शेतात डबा पोचवला, धाकट्या भावाला मागे बसवून फिरवलं. मग पाळी आली आणि सायकल भिंतीला लागली. कुणी रागावलं नाही, कुणी बंदी घातली नाही. "आता मोठी झालीस," एवढंच. पुढे बत्तीस वर्षं नोकरी केली, पण सायकलवर बसले नाही. माझ्या वयाच्या किती जणींची हीच गोष्ट असेल!

आता काळ बदलला आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. मुलीचं घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत हवं, ही अट. त्याहून लांबच्या मुलींसाठी निळ्या बस आहेत. रक्कम पूर्वी साडेतीन हजार होती, ती २०२२ साली पाच हजार झाली. अशा योजनेचा उपयोग होतो, याबद्दल शंका नको. बिहारमध्ये २००६ साली नववीच्या मुलींसाठी सायकल योजना सुरू झाली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत वेळच्या वेळी दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली, असं त्यांना आढळलं. दोन चाकं आणि एक चेन एवढं करू शकतात.

पण या सायकलीकडे जरा नीट बघा. तिला जायचं ठिकाण ठरवून दिलेलं आहे आणि परतायची वेळही. सकाळी शाळा, दुपारी घर. बारावी झाली की सायकल भावाकडे जाते. आमच्या गटातल्या मुलींच्या सायकलींचं काय झालं, ते आम्ही घरोघर जाऊन विचारलं. कुठे तिच्यावर दुधाची किटली लटकलेली, कुठे वडील शेतावर नेतात, एका घरी ती विकून टाकलेली. मुलगी म्हणाली, "आता मला कुठी जायचं असते?" सायकल गेल्याचं तिला दुःखही नव्हतं, कारण ती आपली आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. मी या सायकलीला 'शाळेपर्यंतची सायकल' म्हणते. शाळेच्या फाटकापुढे ती जात नाही.

अशा वेळी तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईची आठवण होते. १९९१-९२ साली तिथे साक्षरतेच्या मोहिमेत, अरिवोळी इयक्कममध्ये, हजारो खेडवळ बाया सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तिथे कलेक्टर होत्या आणि सायकल शिकणं हा साक्षरतेचाच भाग आहे, असं त्यांनी धरलं. शेतमजूर, दगडखाणीत राबणाऱ्या, अंगणवाडीतल्या बाया एकमेकींना धरून शिकल्या. बायकांच्या सायकली पुरेनात, तेव्हा पुरुषांच्या घेतल्या. उलट पुढच्या दांडीवर लेकरू बसवता येतं म्हणून काहींना त्याच बऱ्या वाटल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे सगळं लिहून ठेवलं आहे. त्या बायांना सायकल कुणी फाटकापर्यंत म्हणून दिली नव्हती. त्या घोळक्याने शिकल्या, घोळक्याने रस्त्यावर आल्या आणि टिंगल करणारे थकले. आपल्याकडे सायकल येते ती एकेकट्या मुलीच्या नावावर, आणि म्हणून एकेकट्या घरातून ती निमूटपणे निघूनही जाते.

आता दुसरं टोक बघा. मोठमोठी अंतरं सायकलने तोडणाऱ्या बायका नाहीत असं कुठे आहे? पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली, अवघ्या विसाव्या वर्षी, जगाच्या फेरीला एकटी निघाली. १५९ दिवसांत तिने सुमारे २९ हजार किलोमीटर पार केले. वाटेत स्पेनमध्ये चाकू दाखवून तिला लुटलं, तरी ती थांबली नाही. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी चाळिशीच्या सुमारास सायकल हातात घेतली. दोन मुलांची ही आई नोव्हेंबर २०२२ मध्ये कच्छच्या किनाऱ्यावरच्या कोटेश्वरहून निघाली आणि अरुणाचलच्या टोकाला किबिथूला पोचली. जवळजवळ चार हजार किलोमीटर, चौदा दिवसांच्या आत! आपल्या मराठी पुरुषांचीही नावं आहेत. नाशिकचे डॉक्टर हितेंद्र आणि महेंद्र महाजन हे भाऊ २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतच्या शर्यतीत जोडीने उतरले आणि ती पुरी केली. २०१७ साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली.

ही नावं वाचून छाती भरून येते. तरी मनात एक शंका राहते. एका टोकाला पाच किलोमीटरची सायकल, दुसऱ्या टोकाला चार हजार किलोमीटरचा विक्रम. मधे काय? मधे सगळं रिकामं आहे. दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर जावं, वाटेत चहा प्यावा, ओळखीपाळखीच्या गावी रात्र काढावी आणि दुसऱ्या दिवशी पुढे निघावं, एवढं साधं जे आहे त्याला आपल्याकडे बाईसाठी जागाच नाही. बाई एक तर कामाला जाते, नाही तर विक्रम करते. साधी जात नाही.

आयर्लंडच्या डर्व्हला मर्फीची गोष्ट मला म्हणून फार जवळची वाटते. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशाची वही मिळाली. तिने ठरवलं, आपण सायकलने भारतात जायचं. पण चौदाव्या वर्षी शाळा सुटली, कारण आजारी आईची सेवा करायला घरात दुसरं कुणी नव्हतं. आई गेल्यावर, १९६३ च्या जानेवारीत, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती निघाली आणि त्याच वर्षी दिल्लीला पोचली. पुढे तिने यावर पुस्तक लिहिलं आणि ते जगभर गाजलं. लोकांना तिचं धाडस आठवतं. मला आठवतात ती मधली सोळा-सतरा वर्षं. आपल्या गावागावांत अशा कितीतरी जणी ती वर्षं काढताहेत आणि त्यांची वर्षं संपत नाहीत.

तर, त्या हसण्याची भरपाई म्हणून आम्ही एक ठरवलं. समुद्र राहू दे, निदान कारंजापर्यंत जाऊ. तीस-पस्तीस किलोमीटर. पाच मुली आणि आम्ही तीन बाया. मी इतक्या वर्षांनी सायकलवर बसले. पहिले आठ दिवस गावाबाहेरच्या मैदानात सराव केला आणि पोरांचं हसू झेललं. मग एका रविवारी पहाटे निघालो.

त्या एका दिवसाने मला जे शिकवलं ते कुठल्या शिबिरात शिकले नव्हते. डांबराच्या कडेला साइडपट्टी कुठे आहे, कुठे नाही. जिथे नाही तिथे डांबर आणि माती यांच्यात वीतभर खोल कड. मागून ट्रकने हॉर्न दिला की त्या कडेवरून खाली उतरायचं, आणि तोल गेला की पडायचं. एक मुलगी पडली, कोपर सोलवटलं. संडासाला कुठे जायचं? पेट्रोलपंपावर विचारलं तर कुलूप, चावी मालकाकडे. एका ढाब्यावर थांबलो तर तिथली सगळी माणसं आमच्याकडे वळून बघायला लागली. चहा अर्धा ठेवून उठलो. आणि सगळ्यांत मोठी गंमत म्हणजे आम्ही अर्ध्या वाटेवर असतानाच दोन मुलींच्या घरी फोन पोचले होते, "तुमच्या पोरी रस्त्यावर दिसल्या." रस्त्यावर दिसणं हीच बातमी! भाऊ मोटरसायकल घेऊन मागून आला. बहिणीला परत न्यायला आला होता. पण सोबत आम्ही तीन म्हाताऱ्या बघून ओशाळला आणि कारंजापर्यंत मागे-मागे चालवत आला.

कारंजाला शकुंतलेचे रूळ बघितले. मूर्तिजापूर–यवतमाळची ही नॅरोगेज गाडी इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी सुरू झाली. आता ती बंद आहे, रुळांत गवत वाढलं आहे. ती ब्रॉडगेज व्हावी ही इथल्या लोकांची जुनी मागणी आहे आणि ती रास्तच आहे. पण त्या रुळांपाशी बसून भाकर खाताना मला इंग्लंडमधल्या एका वाटेची आठवण झाली. तिच्याबद्दल मी वाचलं होतं. मुलींना ती गोष्ट तिथेच सांगितली.

इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हाइटहेवन किंवा वर्किंग्टनहून पूर्वेच्या समुद्रापर्यंत, टाइनमथ किंवा संडरलंडला जाणारी ही सायकलची वाट. लांबी सुमारे सव्वादोनशे किलोमीटर. १९९४ साली ती खुली झाली. निघताना लोक मागचं चाक एका समुद्रात भिजवतात आणि पोचल्यावर पुढचं चाक दुसऱ्या समुद्रात. साधी माणसं तीन-चार-पाच दिवसांत जातात; आजी-आजोबा जातात, आई लेकीला घेऊन जाते. ही वाट सरकारने एका फटक्यात बांधलेली नाही. १९७७ साली ब्रिस्टल शहरात काही नागरिकांनी एक गट काढला. त्यांनी आधी बंद पडलेल्या रेल्वेच्या जागेवर ब्रिस्टल ते बाथ अशी सायकलवाट केली. त्याच गटाची पुढे सस्ट्रान्स नावाची संस्था झाली आणि तिने ही किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतची वाट जोडली. तिचाही एक भाग बंद पडलेल्या रेल्वेमार्गावरून जातो. बाकी काय, तर गावातले छोटे रस्ते, चुकू नये म्हणून लावलेल्या पाट्या, आणि रात्री उतरायला घरं. युरोपात तर आता अटलांटिक महासागरापासून काळ्या समुद्रापर्यंत सायकलने जायचा आखलेला मार्ग आहे.

मुलींपैकी एक पटकन म्हणाली, "म्हणजे वारीच की!"

मैत्रिणींनो, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला निघते, ती आमच्या जिल्ह्यातून जाते. महिनाभराची चाल. पालख्या-दिंड्यांमधून आपल्याकडच्या बाया वर्षानुवर्षं शेकडो कोस चालत आल्या आहेत. पोहरादेवीला बंजारा बाया लांबलांबून पायी येतात. तेव्हा कुणी विचारत नाही, "एवढ्या लांब बाई कशाला?" टप्पे ठरलेले, मुक्काम ठरलेले, वाटेवरचं गाव पाणी देतं, भाकर देतं, शाळेचा व्हरांडा मोकळा करतं. म्हणजे बाईने लांब जायची सोय कशी करायची, हे आपल्या समाजाला पक्कं माहीत आहे! फक्त ती देवाच्या नावाने करायची असते. बाईच्या नावाने करायची म्हटलं की रस्ता अचानक धोक्याचा होतो.

आता आमच्या गावापुढून जाणाऱ्या रस्त्यांकडे या. शेलूबाजार हे चौफुलीचं गाव. नागपूरहून कारंजा, मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना करत औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला जाणारा जुना रस्ता गावातून जातो. आणि आता समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते मुंबईजवळचं आमणे, ७०१ किलोमीटर. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि शेवटचा इगतपुरी ते आमणे ५ जून २०२५ ला. शेलूबाजारला त्यावर चढायची-उतरायची सोय आहे. म्हणजे समुद्राकडे जाणारा सरळ रस्ता त्या मुलीच्या दारात आला आहे. पण त्यावर पायी, सायकलने किंवा दुचाकीने जायला मनाई आहे. ताशी १२० किलोमीटरने गाड्या धावतात तिथे सायकलला मनाई असणं बरोबरच आहे. आम्हाला तिथे मरायला जायचं नाही. पण हजारो कोटी खर्चून एवढी जमीन घेतली, मोजली, कुंपण घातलं, तेव्हा कडेने चार हात रुंदीची एक वाट पायी चालणारीसाठी, सायकलवालीसाठी असावी, असं कुणाच्याच मनात का आलं नसेल?

आमच्या उत्तरेला, अकोल्यावरून, राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. गुजरातच्या हजिरा बंदरापासून ओडिशाच्या पारादीप बंदरापर्यंत. म्हणजे खरोखरच एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत! सुरत, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर, रायपूर, संबलपूर ही सगळी गावं त्याच्यावर. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर अमरावती-अकोल्याच्या दरम्यान ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत करून जागतिक विक्रम झाला. कौतुक आहे. पण साडेचार दिवसांत ७५ किलोमीटर डांबर टाकू शकणारा देश सायकलसाठी एक पट्टी टाकू शकत नाही, हे मला कुणी पटवून देऊ नये. सायकलमार्ग कसे बांधावेत याची इंडियन रोड्स काँग्रेसची नियमावली १९६२ सालची आहे आणि २०१५ साली ती सुधारलीही आहे. नियम आहेत, डांबर आहे, मशीन आहे. मागणी करणारं कुणी नाही.

आणि आपणही ती केली नाही. का केली नाही, यावर बोलायला हवं.

आमच्याच गटातली एक जुनी सहकारी मला म्हणाली, "इथं कापूस-सोयाबीन बुडालं, कर्जापायी नवरे गेले, त्यांच्या बाया कचेरीच्या पायऱ्या झिजवतात. आणि तुला सायकलची सहल सुचते?" तिचं बोलणं मला लागलं, कारण ते खोटं नाही. ज्या बाईचा दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि रात्री दहाला संपतो, तिला समुद्राचं काय सांगायचं? तिला झोप हवी आहे.

पण मी यावर बरेच दिवस विचार केला, आणि मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे, जी साइडपट्टी त्या मुलीला समुद्राकडे नेईल, तीच सोयाबीन सोंगायला जाणाऱ्या बाईला ट्रकपासून वाचवील. कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या बाईला एसटी चुकली तर चालत किंवा सायकलने जाण्याजोगा रस्ता असेल. पेट्रोलपंपावरचा उघडा, स्वच्छ संडास दोघींनाही लागतो. लांबच्या वाटेची मागणी केली की जवळची वाट आपोआप त्यात येते. जवळचीच मागितली तर तेवढीच मिळते, आणि तीही शाळेच्या वेळेपुरती.

दुसरं जरा अवघड आहे. आमच्या चौकात बघा. पानटपरीवर, पारावर, चहाच्या टपरीवर पुरुष तासन्‌तास बसतात. त्यांना कुणी विचारत नाही, "काय काम होतं?" बाई चौकात थांबली तर हातात पिशवी हवी, नाही तर डोक्यावर काही हवं. मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली याच प्रश्नावर एक पुस्तक लिहिलं: बायांनी विनाकाम रेंगाळायचं का नाही? शहरातल्या बायांसाठी तो प्रश्न रस्त्याच्या कोपऱ्याचा, बागेतल्या बाकाचा आहे. आम्हा खेड्यातल्या बायांसाठी तो दोन गावांमधल्या मोकळ्या रस्त्याचा आहे. आपण चळवळीतसुद्धा बाईच्या बाहेर पडण्याला नेहमी एक कारण जोडत आलो. शिक्षणासाठी, रोजगारासाठी, आरोग्यासाठी. कारण सांगितलं की परवानगी मिळते, म्हणून सांगत राहिलो. पण कारणाने मिळालेली मोकळीक कारण संपलं की परत जाते. बारावीनंतर सायकल जाते, तशी.

आणखी एक गोष्ट लपवून चालणार नाही. वाटेवर रात्रीचा मुक्काम घरोघरी करायचा म्हटलं, तर पहिला प्रश्न काय येईल ते आपल्याला ठाऊक आहे. "पोरी कोणाच्या?" म्हणजे जात कोणती. आमच्या कारंजाच्या घोळक्यात दोन मुली बौद्ध होत्या, एक बंजारा, एक मुसलमान. वाटेतल्या एका घरी पाणी मागितलं तेव्हा आडनावं विचारली गेलीच. पाणी मिळालं, पण कुणाला तांब्यातून आणि कुणाला वरून ओंजळीत, हे मुलींनी बरोबर टिपलं. तेव्हा सगळ्या बायांची वाट करायची असेल, तर मुक्कामाच्या घराची पहिली अट हीच हवी की आडनाव विचारायचं नाही. हे जमलं नाही, तर ती वाट पुन्हा थोड्याच जणींची होईल, आणि मग माझ्या सहकारी बाईचा टोमणा खरा ठरेल.

म्हणून आम्ही शेलूबाजारच्या बायांनी काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या मोठ्या नाहीत.

मुलीला मिळालेली सायकल बारावीनंतरही तिचीच राहील, असं गटातल्या प्रत्येक घरात बोलायचं. आई-बापांशी आणि भावाशीही. पंक्चर काढणं, चेन बसवणं, ब्रेक कसणं मुलींना शिकवायचं. सायकलच्या दुकानदारापुढे उभं राहायची लाज वाटते म्हणूनही कितीतरी सायकली पडून आहेत. महिन्यातून एक रविवार सगळ्या मिळून बाहेर पडायचं, आणि कुठे चाललात असं विचारलं तर "फिरायला" असं उत्तर द्यायचं. हे शेवटचं सगळ्यांत कठीण जातं! पहिल्या खेपेला आमच्यातल्या निम्म्या जणींनी सवयीने "देवाला" असं सांगून टाकलं. आणि ग्रामसभेत ठराव मांडायचा: गावाच्या हद्दीतल्या रस्त्याला धड साइडपट्टी, रात्री दिवा आणि बायांसाठी उघडा संडास. एका गावाचा ठराव कागदच राहील. वाटेवरच्या पंचवीस-तीस गावांचे ठराव एकत्र गेले, तर तो कागद जड होतो.

भीतीचं काय, असं तुम्ही विचाराल. भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. मुलगी पडली तेव्हा माझंही काळीज हललं होतं. पण एक सांगते. जो भाऊ बहिणीला परत न्यायला आला होता, तो दुसऱ्या खेपेला मागे आला नाही. तिसऱ्या खेपेला त्याने सायकलची चाकं तपासून दिली. रस्त्यावर बाया दिसायची सवय लागते, बघणाऱ्यांनाही आणि घरच्यांनाही. पण ती सवय लागायला बाया रस्त्यावर असाव्या लागतात.

ती समुद्राची मुलगी बारावी झाली. आता तालुक्याच्या कॉलेजात जाते, एसटीने. सायकल अजून तिचीच आहे. आम्ही दोनदा घरी जाऊन आलो, तेव्हा राहिली. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "बाई, तुम्ही नकाशा काढला होता ना, तो द्या." दिला.

आता काम तुमचं आहे, मैत्रिणींनो. मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना आणि त्याच्याही पुढे, जुन्या रस्त्याच्या आसपास तुमच्यापैकी कितीतरी जणींचे गट आहेत, संस्था आहेत, घरं आहेत. तुमच्या गावात आठ-दहा जणींना रात्रभर टेकता येईल अशी, आतून कडी लागणारी, जवळ संडास असलेली आणि आडनाव न विचारणारी एक खोली आहे का? असेल तर अंकाच्या पत्त्यावर दोन ओळी लिहून कळवा. नसेल तर का नाही, तेही लिहा. आम्हाला त्याचाही उपयोग होईल. समुद्रापर्यंत असे नऊ-दहा मुक्काम लागतील.

एक तर पक्का झालाच आहे. तो शेलूबाजारचा.